जवारीचे पाठभेद

एकाच ग्रंथाच्या दोन हस्तलिखितांत फरक आढळला म्हणजे पाठचिकित्सेचा अभ्यासक प्रथम एक प्रश्न विचारतो : हा फरक लेखनिकाच्या हाताचा आहे की पाठाचा? वेलांटीचे वळण निराळे असणे, अनुस्वाराऐवजी परसवर्ण लिहिलेला असणे, हे फरक डोळ्यांना ठळक दिसतात. पण त्यांनी पाठ बदलत नाही. उलट एखादे अक्षर गळाल्याने अर्थ पार फिरतो, आणि तो फरक घाईने वाचणाराच्या नजरेतून सुटूनही जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिच्या मुळाशी हाच विवेक होता. फरकांची मोजदाद करणे हे तिथे काम खरे, पण कोणता फरक मोजावयाचा हे ठरविणे हे त्याहून मोठे काम होते.

वाद्यांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांविषयी जे लिहिले आणि बोलले जाते, त्यात हा विवेक सहसा आढळत नाही. 'जुना', 'मूळ', 'अस्सल', 'सुधारलेला' अशा विशेषणांची तिथे रेलचेल असते. ही सर्व विशेषणे वाद्य केव्हा व कोठे झाले हे सांगतात. त्याच्या नादात काय निराळे आहे हे सांगत नाहीत. मिरजेचा तंबोरा हे ह्या दृष्टीने मोठे बोधप्रद उदाहरण आहे. 'मिरजेचा तंबोरा' हे नाव एक. पण त्या एका नावाखाली जे नाद ऐकू येतात ते एक नव्हेत, आणि ते तसे एक नसावेत अशीच कारागिराची व गवयाची अपेक्षा असते.

मिरजेतील ह्या व्यवसायाचा इतिहास सांगलीकडील वाचकांस परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांतील आद्य नाव. पुढे 'सतारमेकर' असे आडनावच रूढ झाले. अर्धे इकडचे व अर्धे इंग्रजी असे हे नाव भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावे असे आहे. पोलादावर धार चढविणारा हात हाडावर कानस फिरवू लागला, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. दोन्ही कामांत किती घासावयाचे ह्यापेक्षा कोठे थांबावयाचे हे कळणे महत्त्वाचे असते.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, दांडी व तबली तुणाच्या लाकडाची. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी हे पदार्थ वापरातून गेले, आणि त्यांची जागा उंटाचे हाड, शिसवीसारखी कठीण लाकडे व कृत्रिम पदार्थ ह्यांनी घेतली. एवढ्या गोष्टी यादीत मांडता येतात. पण तंबोरा बोलतो तो ह्या यादीमुळे नव्हे. तो बोलतो जवारीमुळे.

व्हायोलिनची तार तिच्या घोडीच्या तीक्ष्ण कडेवर टेकलेली असते. तारेचा अंत कोठे होतो ह्याविषयी तिथे संदिग्धता नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असून त्याला अगदी अल्प असा बाक दिलेला असतो. तार ह्या माथ्यावरून जाताना तिचा अंत एका बिंदूवर होत नाही. कंप पावताना ती माथ्याला चाटते, उठते, पुन्हा चाटते. तिची लांबी क्षणोक्षणी किंचित कमीअधिक होत राहते. तार आणि माथा ह्यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून हा स्पर्श नेमका जुळविला की ज्याला 'जवारी लागली' असे म्हणतात तो झंकार उमटतो. ह्या झंकारात मूळ स्वराहून वरचे उपस्वर एकामागून एक उजळत जातात. खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गांधार ऐकू येतो तो ह्याच प्रक्रियेने. त्याला आपल्याकडे 'स्वयंभू गांधार' म्हणतात, आणि भौतिकीच्या दृष्टीने तो खर्जाचा पाचवा उपस्वर होय.

चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनी १९२१ साली काही भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तारेच्या ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचा निष्कंप बिंदू येतो, नेमक्या तिथे तार छेडली असता तो उपस्वर निर्माण होऊ नये असा यंग व हेल्महोल्ट्झ ह्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत, असे रामन् ह्यांनी दाखवून दिले. ज्या उपस्वराला छेडण्यातून जन्म मिळू शकत नाही तो घोडीच्या माथ्यावर जन्म घेतो. साध्या शब्दांत सांगावयाचे तर तारेने जे दिले त्याहून अधिक नाद घोडी परत देते. ही विकृती होय. पण जिच्यावाचून तंबोऱ्याला तंबोरा म्हणता येणार नाही अशी विकृती.

कारागीर आणि गवई ह्या नादाचे भेद तीन शब्दांनी सांगतात : खुली, बंद आणि गोल. माथा अधिक सपाट ठेवला तर स्पर्श लांबवर होतो, वरचे उपस्वर धारदार होतात; ही खुली जवारी. बाक वाढविला तर स्पर्श आखडतो, नाद मऊ होतो; ही बंद. दोहोंच्या मधली ती गोल. वरवर पाहता हे तीन डबे वाटतात. वस्तुतः ते तसे नाहीत. एका तंबोऱ्याची जी जवारी एका गवयास खुली वाटते ती दुसऱ्यास गोल वाटू शकते, आणि दोघेही चूक नसतात. हे शब्द 'उंच' व 'ठेंगणा' ह्यांच्या जातीचे आहेत. उंच मुलगा आणि उंच मनोरा ह्यांची उंची एक नसते, पण शब्द दोन्हीकडे यथार्थ असतो. हे स्थळवाचक नव्हेत, दिशावाचक शब्द आहेत. कारागिरास 'जरा उघडा' असे सांगितले जाते तेव्हा कोठवर उघडावयाचे हे वाक्यात नसते. ते पट्टी, तारेची जाडी आणि गाणाराचा गळा ह्यांवरून ठरते. काळी एकच्या पट्टीसाठी काढलेली जवारी पांढरी चारला तशीच लागेल अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

'जवारी' हा शब्द कोठून आला ह्याविषयी लोकव्युत्पत्ती आहेत. जवारी, जव्हारी, हिंदीतील जीवारी अशी रूपे पाहून 'जीव देणारी ती जवारी' असे सांगितले जाते. व्युत्पत्ती म्हणून हे कितपत टिकेल हा निराळा प्रश्न आहे. पण वापरणाऱ्यांनी शब्दात काय ऐकले ह्याचा तो पुरावा खचितच आहे. मराठीत हा शब्द वाद्यापुरता राहिलाही नाही. 'जवारीदार आवाज' असे आपण गळ्याविषयी म्हणतो, आणि तिथे गळ्याला घोडी नसते हे कोणालाही अडत नाही.

येथे भाषाशास्त्रातील एक परिचित भेद उपयोगी पडेल. 'जग' हा शब्द मराठीत दोन प्रकारे उच्चारता येतो. तालव्य ज उच्चारला तर त्याचा अर्थ विश्व; दंतमूलीय ज उच्चारला तर तीच अक्षरे जगण्याची आज्ञा होतात. लिपीत फरक शून्य, अर्थात फरक पूर्ण. उलट 'अंक' आणि 'अंत' ह्या शब्दांतील अनुनासिके उच्चारात स्पष्टपणे निराळी आहेत, पण ती पुढच्या व्यंजनाच्या आधीन असल्याने त्या फरकावर अर्थ अवलंबून नाही. तेव्हा जे निराळे आहे ते सर्व भेदक असतेच असे नाही, आणि जे भेदक आहे ते लिहिलेले असतेच असे नाही. वाद्याच्या भागांची यादी ही त्या वाद्याची लिपी समजली तर पुष्कळ घोटाळे आपोआप उकलतात.

ह्या घोटाळ्याचे उत्तम उदाहरण मिरजेपासून फार दूर, विजेच्या गिटारीच्या जगात सापडते. ते येथे आणण्यास कारण आहे. तेथेही शुद्ध नादाला मुद्दाम विकृत करून त्यातून उपस्वर काढावयाचे असतात, आणि त्यासाठी पायाने दाबून चालू-बंद करावयाची एक लहानशी पेटी वापरतात. तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. तारेच्या कंपनापासून झालेला विद्युत्‌संदेश ह्या पेटीत मोठा केला जातो, आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की तरंगाचे माथे छाटले जातात. छाटलेल्या तरंगात नवे उपस्वर येतात. तार हळू छेडली तर छाटणी अल्प, जोराने छेडली तर अधिक. वाजविणाराच्या हाताला पेटी प्रतिसाद देते ती ह्यामुळे.

ह्या पेट्यांत सर्वांत विख्यात म्हणजे जपानची ट्यूब स्क्रीमर. आयबानेझ ह्या नावाने ती विकली जाई आणि मॅक्सन ह्या नावाने ओळखली जाणारी निश्शिन कंपनी ती तयार करी. सुसुमु तामुरा हे तिचे रचनाकार. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेली तिची ८०८ ही आवृत्ती आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी आलेली ९ ही आवृत्ती ह्यांच्यातील फरकावर जगभर जेवढी शाई खर्ची पडली आहे तेवढी एखाद्या मध्यम प्रतीच्या महाकाव्याच्या पाठभेदांवरही पडली नसेल. ८०८च्या जुन्या प्रती मोठ्या किमतीला विकल्या जातात. मात्र मंडलाचा आराखडा उघडून पाहिला तर दोहोंचा गाभा एकच आहे. फरक आहे तो मुख्यतः शेवटच्या टप्प्यातील दोन रोधकांचा : एकीत १०० ओहम व १० हजार ओहम, दुसरीत ४७० ओहम व १ लाख ओहम. छाटणी जिथे होते त्या जागेशी ह्या दोन रोधकांचा संबंध नाही. ते पेटीच्या दाराशी बसलेले आहेत. दुसरा फरक आत बसविलेल्या चकतीचा, म्हणजे ४५५८ ह्या क्रमांकाच्या प्रवर्धकाच्या जातीचा. ही चकती त्या काळी असंख्य साध्यासुध्या ध्वनियंत्रांतून वापरली गेलेली, स्वस्त व सामान्य होती. तिच्या पाठीवरची अक्षरे वाचून नाद सांगणारे रसिक आहेत.

आता ह्याच्या शेजारी दुसरा एक फरक ठेवावा. बॉस कंपनीची ओडी-१ ही पेटी १९७७ साली आली. तिच्यात तरंगाचे वरचे व खालचे माथे असमान छाटले जातात. ट्यूब स्क्रीमरमध्ये ते समान छाटले जातात. समान छाटणीतून तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर पुढे येतात. असमान छाटणीत दुसरा, चौथा असे समही मिसळतात. हा फरक नादाच्या जन्मस्थानी आहे. तसेच ट्यूब स्क्रीमरमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा मंद्र भाग क्रमाने कमी मोठा केला जातो, म्हणून त्याची छाटणीही कमी होते, आणि मध्यसप्तकाचा नाद पुढे येतो. हे तिचे खरे लक्षण, आणि ते ८०८ व ९ ह्या दोघींतही सारखेच आहे. म्हणजे जो फरक भेदक आहे तो दोन निराळ्या घराण्यांतला आहे; एका घराण्यातील दोन भावंडांमध्ये जो फरक सांगितला जातो तो बहुतांशी लेखनिकाच्या वेलांटीचा आहे. दोन जुन्या ८०८ शेजारी ठेवल्या तरी घटकांच्या कमीअधिकपणामुळे त्यांच्यात फरक निघू शकतो; पण त्याला नाव नसल्यामुळे तो कोणी ऐकत नाही. नाव आधी, आणि मग कान. संग्राहकांच्या समीक्षेचा हा मूळ दोष आहे.

तथापि जवारी आणि ही पेटी ह्यांची तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे, आणि ती मर्यादाच अधिक बोलकी आहे. पेटीत सहाही तारांचा नाद आधी एकत्र होतो आणि मग छाटला जातो. त्यामुळे दोन स्वरांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच नाद निर्माण होतात. षड्ज-पंचमासारखा २:३ हा सरळ संबंध असेल तर हे नाद मूळ स्वरांशी जुळतात; समविभाजित स्वरसप्तकातला गांधार घेतला, जो स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, तर ते कर्कश होतात. गिटारवादक अशा वेळी गांधार गाळून केवळ षड्ज-पंचम वाजवितात तो ह्याच कारणाने. तंबोऱ्यात प्रत्येक तार आपल्या जागी स्वतंत्रपणे माथ्याला चाटते आणि तिचा दोराही स्वतंत्र असतो. चार तारांच्या चार जवाऱ्या निरनिराळ्या लावता येतात. नादाची विकृती प्रथम तारेतारेत घडते. एकत्र येतात ते आधीच समृद्ध झालेले स्वर. म्हणून तंबोऱ्यातला गांधार कर्कश होत नाही. पेटीत आधी समुदाय व मग संस्कार असा क्रम आहे. तंबोऱ्यात तो उलटा आहे.

भेदक फरकाचे आपल्याकडील उदाहरण हवे असेल तर सतारीकडे पाहावे. पंडित रविशंकर ह्यांच्या परंपरेतील सतारीला खर्जाच्या तारा असतात आणि जवारी खुली असते. उस्ताद विलायत खाँ ह्यांनी खर्जाच्या तारा काढून टाकल्या, गांधार-पंचमाची जुळणी स्वीकारली, आणि त्यांच्या सतारीची जवारी बंद असते. ह्या दोन पद्धतींच्या सतारी मिरजेत होतात. येथे जवारीचा फरक एकटा येत नाही. लांब मींडेने गळ्याचे अनुकरण करावयाचे तर एका आघातानंतर नाद एकसंध व दीर्घ टिकला पाहिजे, आणि अतिखुल्या जवारीचा झंकार त्याला अडथळा होतो. आलाप-जोडात खर्जापर्यंत उतरावयाचे व तंतकारीचे बोल स्वच्छ उमटावयाचे तर खुल्या जवारीची धार उपकारक ठरते. म्हणजे 'खुली' आणि 'बंद' ह्यांच्यामागे वादनाच्या दोन वाचना उभ्या आहेत. अशा ठिकाणी 'कोणती आवृत्ती चांगली' हा प्रश्न उत्तरी वाचना चांगली की दाक्षिणात्य, असे विचारण्यासारखा आहे.

नादातील सूक्ष्म भेद अंकांनी बांधून टाकण्याचा एक मोठा प्रयत्न सांगलीतच झाला होता, आणि त्याची आठवण येथे अपरिहार्य आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गायनाचे साहाय्य त्यांना ह्या कामी लाभले होते. सनदी नोकरीतील न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे देवलांचे सहकारी. श्रुतींची गुणोत्तरे निश्चित झाली, आणि त्यांप्रमाणे स्वर दिलेली श्रुतिपेटी लंडनच्या मूर अँड मूर ह्या कंपनीकडून तयार करवून घेण्यात आली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत ह्या श्रुतींवर वाद झाला, आणि गवयांच्या व्यवहारात ती पेटी रुजली नाही. देवलांचा व्यासंग आणि त्यांची निष्ठा ह्यांविषयी आदरच वाटतो. पण त्यांची समजूत अशी होती की भेद मोजला म्हणजे तो हाती आला. कोमल ऋषभाचे स्थान तोडीत एक व भैरवात दुसरे असेल. त्या दोन्हींना आकडे देताही येतील. परंतु गाणारा त्या स्थानी जातो कसा आणि तिथून निघतो कसा, हे स्थिर पट्टीच्या पेटीत राहत नाही. आपल्या लिपीत दोन 'ज' नाहीत म्हणून तिसरेच चिन्ह घालून दिल्याने मराठी उच्चार शिकविता येत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

खाँसाहेबांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष वाटते. १८७२ साली कैराण्यास जन्मलेले हे गायक मिरजेस स्थायिक झाले, १९३७ साली वारले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. सांगलीच्या श्रुतिमापनाला त्यांनी गळा दिला. ते राहिले मात्र जिथे नादाचा भेद कानशीने शोधला जात होता त्या गावी. ह्या दोन पद्धतींत त्यांना विरोध वाटत होता असे म्हणण्यास आधार नाही. पण त्यांतील एक वस्तुसंग्रहालयाच्या योग्यतेची झाली आणि दुसरीवर अद्याप लोकांचा चरितार्थ चालतो, हा इतिहास होय.

दुसऱ्या पद्धतीपुढे आज जे संकट आहे ते मात्र आकड्यांचे नाही, सोयीचे आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण ह्यांनी विजेचा तंबोरा तयार केला. आरंभीच्या पेट्यांतून कृत्रिम नाद निघत असे. पुढे खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण साठवून तेच पुन्हापुन्हा ऐकविणारी यंत्रे आली, आणि आता ते मोबाइल फोनवर आले आहे. ह्या आवृत्त्यांची तुलना करताना सामान्यतः विचारले जाते : नाद खऱ्यासारखा आहे का? ह्या प्रश्नाचे उत्तर उत्तरोत्तर 'होय' असे येऊ लागले आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. एखाद्या चांगल्या मुद्रणातला एक क्षण आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा एक क्षण ह्यांत फरक सांगणे कानसेनांनाही जड जाईल.

पण प्रश्न क्षणाचा नाही. सातारा जिल्ह्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी ह्यांनी १९४० साली संगीत महोत्सव सुरू केला. अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. ज्या बुवांनी मिरजेस राहून विष्णु दिगंबरांना घडविले तेच हे. अशा महोत्सवात रात्रीच्या मैफिलीत काय घडते ते पाहावे. मालकंस गावयाचा तर पंचमाची तार मध्यमावर उतरवितात. मारवा गावयाचा तर ती निषादावर नेतात. तार सैल झाली की तिचा माथ्याशी स्पर्श बदलतो, जवारी बसते. मग दोरा केसभर सरकवून ती पुन्हा जागवावी लागते. हवेतला ओलावा वाढला की पुन्हा तेच. मागे बसलेला शिष्य हे काम करताना ऐकावयास शिकतो. जवारी ही तंबोऱ्याची स्थिती नसून तिच्याकडे सतत परत यावयाचे असते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. यंत्रावर बटन फिरविले की मध्यम येतो, आणि झंकार जसाच्या तसा असतो. ह्यात चुकीचे काही नाही. पण ज्याने केवळ हाच तंबोरा ऐकला त्याच्या दृष्टीने 'खुली' व 'बंद' हे शब्द विरोधी जोडी म्हणून उरत नाहीत. त्याच्यापाशी एकच 'ज' आहे. भाषेत असे झाले म्हणजे दोन ध्वनींचा विलय झाला असे आपण म्हणतो, आणि विलय झाल्याचे बोलणाऱ्यांना कळत नाही हे त्याचे पहिले लक्षण असते.

गवयांनी ह्या यंत्राचा स्वीकार केला ह्याबद्दल त्यांना दोष देणे हा अन्याय होईल. प्रवासात चार-पाच फुटांचा नाजूक भोपळा सांभाळणे काय असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. शिवाय एकट्याने रियाज करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी तंबोरा छेडणारा दुसरा हात कोठून आणावयाचा? पण समीक्षकाने सोयीला नादगुणाचे नाव देऊ नये.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. मिरजेचे नाव लावून कोठलाही माल विकला जाण्याला त्यामुळे आळा बसू शकेल. तरीपण मानांकनाचा स्वभावच असा आहे की ते नावाला संरक्षण देते. गाव, लाकूड, भोपळा, घडविण्याची रीत, ह्या गोष्टी कागदावर उतरतात. एखाद्या विशिष्ट घोडीवर एखाद्या विशिष्ट गळ्यासाठी काढलेली जवारी उतरत नाही, आणि उतरली तरी ती फार दिवस खरी राहणार नाही. तारा माथ्यावर खाचा पाडतात. काही काळाने, वापर अधिक असेल तर लवकरच, जवारी नव्याने काढावी लागते. आणि दर वेळी घासताना माथा थोडा झिजतो. म्हणजे एकाच तंबोऱ्याला त्याच्या आयुष्यात अनेक आवृत्त्या असतात. त्या सर्वांवर एकच नाव असते, आणि त्यांतील पहिली ती मूळ व बाकीच्या भ्रष्ट असे कोणी मानीत नाही. मूळ प्रतीचा शोध येथे निरर्थक ठरतो, कारण अशी प्रत कधी नव्हतीच. ८०८ शोधणाऱ्या संग्राहकाला हे पटवून देणे अवघड जाईल. त्याच्या पेटीतील छाटणीचे मंडल चाळीस वर्षांनंतरही सहसा तेच असते, आणि त्याला हवे असते तेही नेमके एवढेच.

मिरजेत तंबोरा सांगावयास गेलेल्या माणसाला प्रथम विचारण्यासारखा प्रश्न लाकडाचा नसतो, नक्षीचाही नसतो. गाणार कोण, आणि पट्टी कोणती, हा असतो. काळी एक की पांढरी चार हे ठरल्यावाचून घोडीला कानस लावण्यात अर्थ नाही.